साक्षीपुरती वाचा

अप्पा, अव्वा बोलत नाही. हे वाक्य तुम्हाला खरं वाटणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुमच्या हयातीत असं कधी घडलंच नव्हतं. भाकरी थापताना, लुगडं वाळत घालताना, मठातून परत येताना, अगदी तुम्ही जेवायला बसल्यावरसुद्धा तिचं तोंड चालू असायचं आणि तुम्ही "हं, हं" करत घास घेत राहायचात. आता ती नांदेडला माझ्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवते आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडे बघत राहते. वेळ अमावस्येच्या, शेतात जेवायला जायच्या त्या सणाच्या, आदल्या दिवशी तिला लकवा मारला. सणाच्या भज्जीच्या कालवणासाठी ती भाजी निवडत होती. हातातलं ताट पडलं म्हणून मी "काय झालं गं?" विचारलं, तर तिनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, चालता येईल, हात थोडा अधू राहील. बोलण्याचं मात्र आत्ताच सांगता येत नाही, पहिले काही महिने नेटानं सराव करून घ्या, मग अवघड जातं. तिला सगळं कळतं. भाजीत मीठ कमी पडलं तर ती वाटी माझ्याकडे सरकवते.

तुम्ही गेलात त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आताही अव्वाच्या आजारासाठी लिहीत नाहीये. म्हातारपणी आजार येतातच. मी लिहितेय ते मठातल्या पोथीतल्या शेवटच्या ओळीमुळं आणि या पाडव्याला तिथं जे घडलं त्यामुळं. तुमच्या जावयांशी बोलून पाहिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू जन्मभर इतिहास शिकवलास, तुला हे शोभतं का?" शोभत नाही, खरंय. पण छातीत जे अडकून बसलंय ते शोभण्या न शोभण्याचं नाही. तेव्हा ज्यानं ती ओळ मला पहिल्यांदा वाचून दाखवली त्यालाच सांगितलेलं बरं.

कॉलेजात भविष्यकथनाचा भाग शिकवताना मी गावाचं नाव न घेता आपल्या गावचं सांगायची. देवणीजवळ एक गाव आहे, म्हणायची, तिथल्या मठात जुन्या कानडीतली कालज्ञानाची पोथी आहे. पुढं काय काय होणार हे कुणा शरणानं, म्हणजे लिंगायत संतानं, शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं, ते कालज्ञान. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली सगळं गाव जमतं. वाचणारा एक ओळ कानडीत वाचतो, मराठीत अर्थ सांगतो आणि थांबतो. मग ज्या घरात ती ओळ घडून गेली त्या घरातलं माणूस उभं राहतं आणि मोठ्यानं म्हणतं, "झालं." केव्हा, कसं, काही सांगायचं नाही, गावाला ते माहीत असतं. एकदा झालं म्हटलं की ती ओळ त्या घराची. दरवर्षी त्याच घरानं उभं राहायचं, म्हणजे ती दुसऱ्या कुणावर जात नाही. ज्या ओळीला कुणीच उठत नाही ती अजून व्हायची आहे, उघडी आहे, असं गाव धरून चालतं. एवढं सांगून मी मुलांना बाबिलोनकडे न्यायची, जिथं मेंढीचं यकृत बघून राजाचं पुढचं सांगत. मग ग्रीकांच्या देवळात तिपाईवर बसून बोलणाऱ्या बाईकडे, मग मध्ययुगातल्या ख्रिस्ती भिक्षूंकडे जे जगबुडीचं साल काढायचे आणि ते साल धडधाकट पार पडलं की नवं साल काढायला बसायचे. आणि शेवटी म्हणायची, बहुतेक भविष्यं घटना घडून गेल्यावर लिहिलेली असतात आणि कुणातरी जुन्या माणसाच्या तोंडी घातलेली असतात. मुलं ते वाक्य जसंच्या तसं परीक्षेत लिहायची आणि मी त्यांना मार्क द्यायची.

हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले ते तुमच्या पुढ्यात, एम.ए. होऊन गावी आले त्या पाडव्याला. आठवतं का? तुम्ही नुकतंच वाचलं होतं, "पाळण्याला दोरी राहील, झोका राहणार नाही." तांब्याभांड्यांच्या दुकानवाल्यांची सून उभी राहिली होती आणि मी शेजारच्या मैत्रिणीला माझं नवं ज्ञान पाजळून दाखवत होते, तेही जरा मोठ्यानंच. तुम्ही पोथीतून मान वर केलीत. "उभ्या माणसासमोर बसून बोलू नगंस," म्हणालात, "ऊठ, त्यांना पाणी दे." सगळ्या गावासमोर मी उठले, मठातलं कडुनिंबाच्या फुलांचं गूळपाणी वाटीत घेतलं आणि त्या बाईंना दिलं. वाटी घेताना त्यांच्याकडून अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं. मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला. तुम्हाला त्याचं काही नव्हतं, तुम्ही शाळेच्या वह्या तपासत बसलात. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी अव्वानंच मला धारेवर धरलं. भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाली, "खोटं हाय म्हणून सांगायचं तर घरात सांग की, माझ्याम्होरं सांग. ती बाय वर्षातनं एकदा त्या लेकरासाठी उभी ऱ्हाती. सासू उभं राहू देती, नवरा उभं राहू देतो. बाकीचं वरीसभर तिला त्याचं नाव बी घेता येत न्हाई. तेवढं बी बंद पाडतीस व्हय?" मी म्हणाले, मी काही बंद पाडत नाहीये, मी फक्त ते कधी लिहिलं असेल ते सांगत होते. "लिवलं असंल कवाबी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

माझ्या लहानपणापासून दोनच ओळी उघड्या होत्या. एक, "भिंती निजलेल्या माणसांवर निजतील." त्या ओळीची मला फार भीती वाटायची. आपल्या घराच्या दगडमातीच्या भिंती हातभर रुंद होत्या आणि मी आत झोपायला तयार नसायची, उन्हाळा कधी लागतो आणि अंगणात अंथरूण कधी पडतं याची वाट बघायची. एकदा मी तुम्हाला म्हणालेही, अप्पा, ती एक ओळ गाळा ना. तुम्ही चहा पीत होतात. "वाचणाऱ्यानं गाळायचं न्हाई," म्हणालात, "वाचणाऱ्यानं थांबायचं." मग भूकंप झाला. त्यानंतरच्या पाडव्याला तुम्ही ती ओळ वाचलीत आणि थांबलात. जिची लेक किल्लारीकडच्या एका गावात दिली होती ती बाई उठायला लागली. तिला उठायला वेळ लागला. "झालं," ती म्हणाली, इतक्या साध्या आवाजात की जणू कुणी वेळ विचारली होती. तुम्हाला पुढची ओळच सापडेना, बोट पानावरून नुसतं फिरत राहिलं. घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. तेव्हा मी नोकरीला लागले होते, माझं ते वाक्य मी वर्गात पक्कं करून टाकलं होतं, आणि तरी मीच तुम्हाला विचारलं, "अप्पा, ही ओळ तर आधीपासून होती." तुम्ही म्हणालात, "व्हय, होती. म्हणून का ती माय कमी रडली?" दगडमातीच्या भिंती कधी ना कधी, कुठं ना कुठं पडणारच आणि अशी ओळ शेवटी आपलं साल गाठणारच, हे मी मुलांना शांतपणे समजावून सांगू शकते. मला स्वतःला सांगताना ती शांतता राहत नाही.

दुसरी उघडी ओळ म्हणजे पोथीची शेवटची. "ही पोथी वाचणाऱ्याच्या घरातलं बोलतं माणूस मुकं होईल, मग गावावरचं उतरेल." या ओळीची कुणालाच भीती वाटायची नाही. उलट सकाळभर दुःखांसाठी उभं राहून दमलेलं गाव तिचीच वाट बघायचं. तुम्ही वाचायचात, थांबायचात, आणि सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळायच्या. कुणीतरी म्हणायचं, "गुरुजी, वैनी गप बसायच्या म्हंजे गावावरचं काय उतरत न्हाई बघा." अव्वा पदर सावरून तिथूनच म्हणायची, "मी गप बसल्यावर ह्यांला कोन सांगंल, जेवलाव का न्हाई ते?" आणि गाव हसत हसत गूळपाणी प्यायला उठायचं. तुम्हीही हसायचात. तुमच्या मागं वाचणं माझ्याकडे आलं, कानडी अक्षरं तुम्ही फक्त मलाच शिकवली होती म्हणून. बाईमाणूस वाचणार म्हणून एकदोघांनी कुरकुर केली, पण ती फार टिकली नाही. दर पाडव्याला मी नांदेडहून जाते, ओळी वाचते, थांबते. विश्वास म्हणाल तर नव्हता. तुमची जागा होती म्हणून जायची, आणि त्या पोथीची कानडी वाचायला मला फार आवडते म्हणून जायची. शेवटच्या ओळीला लोक तसेच हसायचे आणि अव्वा तसंच उत्तर द्यायची.

फाल्गुनात मठाचा कारभार बघणारे काका नांदेडला आले, तुमचे मित्र, आता पार वाकलेत. बरोबर एक बाई होती. तिचा थोरला मुलगा गेल्या वर्षी उदगीरच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. गेल्या दोनेक वर्षांत गावातली तरणी पोरं अशीच गेली आहेत, कुणी विहिरीत, कुणी रस्त्यावर. काकांनी हरभऱ्याची पिशवी दारात ठेवली, "शरणार्थ" म्हणाले, अव्वाला बघितलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकी, तुला वाईट वाटंल, पर बोलतो. लोकं म्हणालेत, एक ओळ उघडी हाय तवर हे असंच चालायचं. आता वाचणाऱ्याच्या घरात झालंच हाय. तर पाडव्याला उभं राहून झालं म्हण. गावावरचं उतरू दे."

मी म्हणाले, "काका, त्या ओळीचा आणि अपघाताचा काय संबंध?"

"मला काय ठावं? संबंध हाय का न्हाई ते तुमी शिकलेल्यांनी बघा. पर बाया झोपंनात गं. हिचंच बघ. धाकट्याला पुण्याला नोकरी लागलीया आणि ही त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देईना. गाडीची किल्ली पदराला बांधून फिरती."

त्या बाईनं पदराची गाठ मुठीत धरली. "कशी जाऊ देऊ, बाय?" एवढंच म्हणाली.

"आणि अव्वा बोलायला लागली तर? डॉक्टर म्हणतायत, लागेल कदाचित."

काका वाईट माणूस नाहीत, अप्पा, तुम्हाला माहीतच आहे. "मग झालं कसं म्हणावं?" ते हळूच म्हणाले. "मग ओळ उघडीच ऱ्हायली की."

म्हणजे काय ते मला लगेच कळलं आणि माझं डोकं सणकलं. माझी आई आयुष्यभर मुकी राहिली तर गाव सुखी, असा तो हिशेब होता आणि माझ्याच घरात बसून मला तो सांगितला जात होता. मी काहीतरी टोचून बोलणारच होते. पण ती बाई अव्वाच्या पायाशी जाऊन बसली होती, आणि अव्वानं तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला होता आणि माझ्याकडे बघून ती मान हलवत होती. हो, हो, म्हणत होती.

बोलायला शिकवायला एक तरुण मुलगी घरी येते. तोवर अव्वा "पा" म्हणायला लागली होती, "मा" म्हणायला लागली होती, एकदा तर "अप्पा"च्या अगदी जवळ जाऊन आली होती. काका येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली आणि अव्वानं ओठ मिटून घेतले. आरसा समोर धरला तर डोळे मिटले. "आजी, असं नका ना करू, किती छान जमत होतं आपलं," ती मुलगी रडकुंडीला आली. ती गेल्यावर मी अव्वावर ओरडले. तू गप बसल्यानं रस्त्यावरचे खड्डे बुजणार आहेत का, पोरं गाडी हळू चालवणार आहेत का, म्हणाले. तुला काय वाटतं, पाचशे वर्षांपूर्वी कुणी एका बाबानं तुझ्यासाठी ही ओळ लिहून ठेवली? अव्वानं ऐकून घेतलं. मग तिनं माझा हात ओढून आपल्या गालाला लावला, तापात मी बडबडायला लागले की लावायची तसा. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की हातातले महिने असेच निघून जातील आणि मग ती बोलायचं ठरवेल तेव्हा बोलणंच उरलेलं नसेल.

काकांना मी फोनवर सांगून टाकलं, मी वाचेन, मी थांबेन, पण झालं म्हणणार नाही. ते म्हणाले, "बरं." पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या जावयांनी गाडी काढली. उदगीर सोडून देवणीच्या रस्त्याला लागल्यावर अव्वानं खिडकीची काच खाली करायला लावली आणि गावापर्यंत तोंडावर वारा घेत बसली. निंबाखाली तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. मी वाचत गेले. पाळण्याच्या ओळीला दुकानवाल्यांची सून उठली, तीही आता म्हातारी झाली आहे. भिंतींच्या ओळीला, भूकंपात जिची लेक गेली त्या बाईचा नातू उठला. "बैल उभे राहतील, धरणारा हात नसेल" ही ओळ तर एका घरापुरती राहिलीच नाही, तिला आता निम्मं गाव उठतं. मग शेवटची ओळ आली. मी ती कानडीत वाचली, मराठीत सांगितली आणि थांबले. या वेळी कुणी हसलं नाही. वर झाडावर साळुंख्या भांडत होत्या तेवढाच आवाज. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पानाकडे बघत होते.

अव्वा उठायला लागली. पदराला किल्ली बांधलेल्या त्या बाईनं तिचा कोपर धरला. उभी राहून अव्वानं माझ्याकडे पाहिलं, म्हण, अशी मान हलवली. मी म्हणाले नाही. तिनं पुन्हा मान हलवली, या वेळी रागानं. लहानपणी मी पाहुण्यांसमोर नमस्कार करायला नकार दिला की ती बघायची तसं बघितलं. मी तरीही बसूनच राहिले. मग तिच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड वाकडं झालं, चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं हिला परत झटका येतोय आणि मी पोथी सोडून उठले. तेवढ्यात तिच्या तोंडून आवाज निघाला. आधी नुसता "झा", मग बऱ्याच वेळानं, जड काहीतरी उंबऱ्यावरून ओढून आणावं तसं, "लं". मागच्या रांगेतल्या माणसांनासुद्धा ऐकू गेलं.

मी तुम्हाला काय सांगू अप्पा, मला इतका आनंद झाला! मी तिथंच रडायला लागले. माझी आई बोलली होती, कितीतरी महिन्यांनंतर तिचा आवाज माझ्या कानावर पडला होता, मग तो कुठला का शब्द असेना. आणि त्याच क्षणी मागून एक पोरगं म्हणालं, "बोलल्या की! मग मुक्या कुठं हायेत?" सगळीकडे कुजबुज सुरू झाली. त्या बाईनं अव्वाचा कोपर सोडून दिला. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पदराची गाठ तिनं परत मुठीत धरली होती. आपण मुके झालो याची साक्ष द्यायला अव्वाला बोलावं लागलं होतं, आणि बोलल्याबरोबर ती साक्षच खोटी पडत होती. तेव्हा काका काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "गप ऱ्हावा. शरणानं साक्षीपुरती वाचा दिली. साक्ष झाली, वाचा गेली." मग अव्वापुढं वाकून त्यांनी विचारलं, "वैनी, अजून काय बोलता येतंय का?" अव्वानं मान हलवली. नाही. आणि गावानं श्वास सोडला. कुणी "हर हर महादेव" म्हणालं, गूळपाण्याच्या वाट्या फिरू लागल्या. मी जन्मभर पुस्तकांतून शिकवत आले की भाकीत फसलं की त्याला ठिगळ लावतात आणि ते पहिल्यापासून तसंच होतं असं सगळे मिळून मानतात. ते ठिगळ लावताना मी या वेळी समोर बसून बघितलं. वाटी माझ्यापर्यंत येईतो ते लावूनही झालं होतं, आणि लावणाऱ्या कुणाच्याही मनात कपट नव्हतं. परतीच्या वाटेवर मी अव्वाच्या किती विनवण्या केल्या, एक शब्द बोल, माझं नाव घे. ती शेतांकडे बघत राहिली.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? तुम्ही थांबला असतात, हे मला कळतं. पण त्यानंतर? तुमच्या वेळी त्या ओळीला हसता येत होतं, म्हणून थांबणं सोपं होतं, असंही कधीकधी माझ्या मनात येतं आणि तुमचा राग येतो. मला कानडी अक्षरं शिकवलीत, शेवटच्या ओळीचं पुढं काय करायचं ते शिकवलं नाहीत.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी गॅसवर दूध ठेवून बाहेर भाजीवाल्याशी घासाघीस करत होते. अव्वा स्वयंपाकघरात पाटावर बसून डाव्या हातानं चिंचा फोडत होती. आतून आवाज आला, "अगं दूध गेलं!" साधा, खणखणीत, वैतागलेला, वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज. मी भाजी तिथंच टाकून आत धावले. दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं, आणि अव्वानं डाव्या हाताचा पंजा तोंडावर दाबून धरला होता. मी म्हणाले, "अव्वा, तू बोलतेस." तिनं नाही म्हणून मान हलवली. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "तू बोलू शकतेस. मी ऐकलं." तिचे डोळे भरून आले, पण पंजा तसाच राहिला. मग तिनं दुसऱ्या, अधू हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं, कसंबसं. मी गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. त्या मुलीला मी काही सांगितलं नाही. ती अजून येते, आरसा धरते, आणि अव्वा डोळे मिटून घेते.

काल काकांचा फोन आला. आवाज बरा वाटत होता. "ती बाय आता झोपाय लागलीया बघ," म्हणाले, "धाकट्याला पुण्याला लावून दिलं तिनं. पोरगं गाडीवरच गेलं. किल्ली तिनंच सोडून दिली पदराची." मी म्हणाले, बरं झालं. मग म्हणाले, "आणि वैनी? मागनं काय बोलल्या का?" अव्वा समोरच बसली होती. तिनं हातातलं काम थांबवलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही काका. एक शब्द नाही."

हे लिहायला बसले तेव्हा वाटत होतं, लिहून झालं की अव्वाला वाचून दाखवावं, ती निदान माझ्यावर चिडून तरी काही बोलेल. आता नाही दाखवणार. तुमच्यापर्यंत तर हे पोचण्याची सोयच नाही, तेव्हा कपाटात कपड्यांखाली ठेवून देईन. एवढंच सांगायचं होतं, की फोन ठेवल्यावर मला अव्वाची दया यायला हवी होती, स्वतःची लाज वाटायला हवी होती, त्यातलं काही झालं नाही. अप्पा, मला हायसं वाटलं.